‘औषध’ नव्हे, विष म्हणा!

आपल्याकडे शेतावर मारायच्या विषाला कुणी विष म्हणत नाही. ‘औषध’ म्हणतात. नवरा ‘औषध मारायला’ जातो, दुकानातून ‘मेथीवरचं औषध’ आणतो, फडताळात खोबरेल तेलाशेजारी ‘औषधाची बाटली’ ठेवतो. आणि त्याच घरातली सून एखाद्या रात्री ती बाटली तोंडाला लावते तेव्हा गाव म्हणतं, ‘तिनं औषध घेतलं.’ जणू खोकला झाला होता म्हणून घेतलं! मैत्रिणींनो, भांडण सुरू करायचं तर या शब्दापासूनच करायला हवं. ज्या गोष्टीला आपण औषध म्हणतो ती हातानं कालवायला, तिचा उरलेला घोट पालकावर शिंपडायला आणि तिची बाटली धुऊन तेल भरायला मन कचरत नाही.

हा लेख परसातल्या आणि पाटाकडेच्या पालेभाजीवर पडणाऱ्या किडीबद्दल आहे. स्त्री-चळवळीच्या अंकात मावा आणि नागअळी कशाला, तो तर कृषी खात्याचा विषय, असं काहीजणींना वाटेल. मला तो आपलाच विषय वाटतो. ती भाजी पेरते बाई, खुरपते बाई, खुडते, निवडते, धुते, शिजवते बाई, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर कढईच्या तळाचं उरलेलं खाते तीही बाईच. फक्त त्या भाजीवर काय फवारायचं हे ती ठरवत नाही.

पंढरपूर तालुक्यात बचत गटांबरोबर काम करताना मी जे वाफे पाहते ते सरकारी पुस्तिकेतल्या परसबागेसारखे नसतात. पुस्तिकेत गोल आखलेली, कुंपण घातलेली, मधोमध पपईचं झाड असलेली बाग असते. इथे न्हाणीचं पाणी वाहत जातं तिथे अळू आणि चुका. उजनीचं पाणी आलेल्या रानात उसाच्या पाटाकडेला फेकलेली ओंजळभर मेथी. द्राक्षबागेच्या बांधालगत शेपू-कोथिंबिरीची एखादी सरी. कोरडवाहू रानात करडईच्या ओळी. तिची कोवळी पानं म्हणजे आपल्या सोलापूरकडची हक्काची भाजी. ज्या घरांना रानच नाही तिथल्या बायका दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात तेव्हा ओच्यात तांदुळजा, पाथरी, घोळ घेऊन येतात. म्हणजे बाईची भाजी पुरुषाच्या पिकाच्या कडेकडेनं वाढते, जशी ती स्वतः सातबाऱ्याच्या कडेकडेनं जगते.

विषही तसंच कडेकडेनं येतं. उसाला तणनाशक मारलं की त्याचे तुषार पाटाकडेच्या मेथीवर जातात. आणि तांदुळजा हे तणच असल्यामुळे तो तर सरळ त्याचाच बळी. द्राक्षाला ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं फवारलं की धुकं बांधावर उतरतं. पण सगळ्यांत जास्त विष येतं ते एका वाक्यातून. ‘पंपात जरा उरलंय, भाजीवर मारून टाकतो.’ हे वाक्य ज्या बाईनं ऐकलं नाही अशी बाई माझ्या गटांमध्ये क्वचितच सापडेल. मुख्य पिकासाठी आणलेलं, मुख्य पिकाच्या प्रमाणात कालवलेलं विष वाया जाऊ नये, म्हणून घरच्या भाजीवर! काटकसरीची ही तऱ्हा पाहून हसावं की रडावं?

यात केवळ निष्काळजीपणा आहे असं नाही. भाजी म्हणजे ‘बायकांचं काहीतरी’, तिचा स्वतंत्र विचार कशाला करायचा, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

पालेभाजीचा स्वतंत्र विचार का करावा लागतो ते नीट समजून घेऊ. डाळिंबाची साल काढून टाकतात, ज्वारीचं कणीस वाळतं, मळतं, दळलं जातं. पालेभाजीत ज्याच्यावर विष पडलं तेच पान आपण खातो, आणि पान म्हणजे नुसता पसरट पृष्ठभाग. वजनाच्या मानानं त्यावर फवारा जास्त बसतो. दुसरं म्हणजे वेळ. मेथी पंचवीस-तीस दिवसांत उपटायला येते. पालक एकदा कापला की पुन्हा फुटतो आणि पुन्हा कापतात. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं हे प्रत्येक कीडनाशकाबरोबरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण ते ठरावीक पिकासाठी. कापसाच्या किंवा द्राक्षाच्या विषाच्या पत्रकात शेपूसाठी किती दिवस ते लिहिलेलंच नसतं, कारण ते शेपूसाठी नाहीच. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. डायमेथोएट, इमिडाक्लोप्रिड यांसारखी कीडनाशकं आंतरप्रवाही असतात. ती पानावर राहत नाहीत, पानाच्या रसात उतरतात. म्हणून तर रस शोषणारा मावा मरतो. मग ‘मिठाच्या पाण्यात धुऊन घ्या’ या सल्ल्याचा उपयोग काय? धुण्यानं वरवरचं काही निघतं. रसात गेलेलं चूल पेटवूनही पुरतं जात नाही.

आता द्राक्षाकडे पाहा. आपल्या तालुक्यात कासेगावचा पट्टा द्राक्षासाठी ओळखला जातो. महाराष्ट्रातून युरोपात द्राक्ष जायचं असेल तर बागेची नोंदणी होते, फवारणीची वही ठेवावी लागते, बागेतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत विषाचा अंश तपासतात. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ-नियंत्रकाचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले, तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला होता! मंत्री, शास्त्रज्ञ, निर्यातदार सगळे धावले. धावायलाच हवं होतं; शेतकऱ्यांचं फार नुकसान झालं. पण मला विचारायचं आहे ते एवढंच. त्याच बागेत घड विरळणाऱ्या, संजीवकात हातानं घड बुडवणाऱ्या मजूर बाईच्या घरी रात्री जी मेथी शिजते तिचा नमुना आजवर कुणी घेतला? परदेशातल्या गिऱ्हाईकाच्या पोटाची काळजी घ्यायला वही आहे, प्रयोगशाळा आहे, दंड आहे. गरोदर सुनेच्या पोटाची काळजी घ्यायला काय आहे? रक्तवाढीसाठी पालेभाज्या खा, असं तिला सांगणारं भित्तिपत्रक!

कायदा नाही असं नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, नियम १९७१ चे. डब्यावरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिकाला चांगलं असा पुष्कळांचा समज आहे. हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी, पण विषच. मोनोक्रोटोफॉस हे लाल त्रिकोणाचं विष भाजीपाल्यावर वापरायला भारतात २००५ पासूनच मनाई झाली. तरी त्यानंतरही वर्षानुवर्षं ते दुकानात कापसासाठी मिळत राहिलं, आणि जे दुकानात मिळतं ते भाजीवर पोचायला कितीसा वेळ लागतो? २०२३ साली त्याच्या ३६ टक्के द्रावणावरच बंदीचा आदेश निघाला. डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस ही नावंही ऐकून असाल. त्यांच्यावर २०२० च्या डिसेंबरअखेर बंदी आली. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये थांबवलं, तेही केरळातल्या कासरगोडच्या आयांनी वर्षानुवर्षं आपली अपंग मुलं लोकांसमोर आणल्यावर. प्रत्येक वेळी बंदी उशिरा आली. आणि बंदीचा कागद गावात पोचला तरी फडताळातली अर्धी बाटली कुणी बाहेर काढली नाही. जुनी बाटली ‘कधीतरी लागंल’ म्हणून राहतेच.

रिकामी बाटलीही विषच असते. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत जुलै २०१३ मध्ये दुपारच्या जेवणातून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळलेलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तेलाबद्दल शंका आली होती, पण तिला तसंच पुढे शिजवायला सांगितलं गेलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. ही घटना मी गटांत मुद्दाम सांगते. बाईच्या नाकाला कळलं होतं, पण तिच्या शब्दाला तिथे वजन नव्हतं.

फवारणी हे पुरुषाचं काम, त्यात बाईचा संबंध काय, असं कृषी मेळाव्यात ऐकायला मिळतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा हातमोजे, मास्क, चष्मा यांची पुष्कळ चर्चा झाली. ती सगळी पंप पाठीवर घेणाऱ्याबद्दल होती. पंपासाठी हंड्यानं पाणी आणून ओतते कोण? काठीनं द्रावण ढवळते कोण? फवारून आल्यावर घामानं आणि विषानं भिजलेला सदरा घरच्या कपड्यांबरोबर हातानं चोळते कोण? लहानग्याला अंगावर पाजत असताना त्याच लुगड्याला हात कोण पुसते? मास्कची चर्चा या बाईपर्यंत येत नाही, कारण कागदावर ती फवारणी करतच नाही. निदान एवढं तरी प्रत्येक गटात तोंडपाठ हवं. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे. मळमळ, डोकं जड, तोंडाला सारखं पाणी, घाम, डोळ्यांपुढे अंधुक असं काही झालं तर ‘ऊन लागलं’ म्हणून पडून राहायचं नाही. अंगावरचे कपडे काढून साबणपाण्यानं अंग धुवायचं, मीठपाणी पाजून ओकारी काढायची नाही, आणि बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. कोणतं विष ते कळलं तरच डॉक्टरांना उतारा नेमका देता येतो.

घरातल्या बाटलीचा दुसरा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मारहाण झाली, माहेरी जायला मज्जाव झाला, कर्जाच्या वसुलीवाल्यानं दारात अपमान केला, त्या क्षणी हाताशी काय आहे यावर पुष्कळदा जीव राहतो की जातो ते ठरतं. श्रीलंकेनं १९९५ साली मोनोक्रोटोफॉससारखी अतिजहाल विषं बंद केली आणि १९९८ मध्ये एंडोसल्फान. पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. तिथल्या नवऱ्यांनी मारायचं थांबवलं होतं असं नव्हे. हाताशी असलेलं विष कमी जहाल झालं, आणि त्या क्षणाच्या पलीकडे पुष्कळ माणसं जगली. म्हणून घरातलं विष बाहेर काढणं हा माझ्या मते हिंसाविरोधी कामाचाच भाग आहे. समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बाईला ‘घरात शेतीचं विष कुठे ठेवलेलं असतं?’ हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण तिकडचा उत्साहही मला पुरता पटत नाही. ‘विषमुक्त शेती’ची शिबिरं हल्ली पुष्कळ भरतात. व्यासपीठावर एक गुरुजी, समोर दोनशे पुरुष, मागच्या दोन ओळींत स्वयंपाकातून सुटून आलेल्या दहा बाया. गुरुजी दशपर्णी अर्क सांगतात. दहा झाडांचा पाला आणा, कुटा, पिंपात भिजवा, शेण-गोमूत्र घाला, महिनाभर रोज ढवळा. आणणार कोण, कुटणार कोण, रोज ढवळणार कोण, हे गुरुजी सांगत नाहीत. सांगायची गरजही नसते! पुरुषाचं विष बाटलीतून तयार येतं आणि बाईच्या ‘निसर्गा’ला पाटा-वरवंटा लागतो. शिवाय झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रमच आहे. दशपर्णीत पुष्कळदा धोतरा, रुई, कण्हेर घालतात. ही झाडं विषारी आहेत. तंबाखूचा काढा तर निकोटिनचा, माणसाला जहाल. पाच दिवसांनी खुडायच्या मेथीवर असलं काही मारायचं नाही. गोमूत्र-शेणाचं पाणी कच्ची खायच्या कोथिंबिरीवर शिंपडायचं नाही. परंपरेनं आलं म्हणून चांगलं, असं मानायला निदान बायकांना तरी परवडणारं नाही.

मग करायचं काय? माझ्या गटांतल्या बायकांनी जे करून पाहिलं आणि जे कृषी विद्यापीठंही सांगतात, त्यातलं कमी कष्टाचं आणि बिनधोक तेवढंच इथे देते.

पहिली गोष्ट, कोण कीड ते पाहायचं. कोवळ्या शेंड्यावर आणि पानाखाली हिरवे-काळे बारीक ठिपके दाटीनं बसले, पान चिकट झालं, मुंग्या चढू लागल्या, तर तो मावा. मेथी-पालकाच्या पानात पांढरी नागमोडी रेघ दिसली तर नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये असते, तिला वरून काय मारणार? ते पान खुडून खड्ड्यात पुरायचं, झालं. राजगिरा-माठाची पानं जाळ्यानं गुंडाळलेली दिसली तर आत अळी आहे. सकाळी चूळ भरता भरता चार पानं चिमटीत दाबली की काम होतं. मुळ्याच्या पानांवर काळपट अळ्या येतात. हात लावला की त्या अंगाची गुंडाळी करून खाली पडतात, ताटलीत गोळा करून साबणपाण्यात टाकायच्या. पाच बाय दहा फुटांच्या वाफ्याला पंप लागतच नाही. लागतात ते डोळे, आणि रोजची पाच मिनिटं.

माव्यावर साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी तो मोठ्या प्रमाणात खाली पडतो आणि पुष्कळसा परत चढत नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर अंगाच्या सौम्य साबणाचं पाणी, लिटरला पाचेक ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूला लागेल असं, ऊन उतरल्यावर. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. चुलीची चाळलेली राख सकाळी दवावर भुरभुरवणं आपल्या आज्या करतच होत्या. फक्त चुलीत प्लॅस्टिक जाळलं असेल तर ती राख नको. पिवळ्या पत्र्याला किंवा पुठ्ठ्याला एरंडेल फासून वाफ्यात उभं केलं तर पांढरी माशी आणि उडता मावा चिकटतो. पेरल्याबरोबर जुन्या मच्छरदाणीचं कापड काठ्यांवर ताणलं तर पतंग अंडी घालायला आतच येत नाहीत. युरिया आवरता घ्यायचा. भाजी काळीभोर, लुसलुशीत व्हावी म्हणून मूठभर जास्त टाकला की माव्याला तेच हवं असतं.

यापलीकडे गरज पडली तर निंबोळी अर्क. पाच टक्क्यांचं प्रमाण सोपं आहे: दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड. ती आदल्या रात्री थोड्या पाण्यात भिजवायची, दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर फडक्यातून पिळून गाळायची, वीस ग्रॅम साबण विरघळवून पाणी पुरतं करायचं आणि लगेच फवारायचं. उन्हात त्याचा गुण जातो म्हणून संध्याकाळ. त्यानं कीड पटापट मरून पडत नाही. तिचं खाणं आणि कात टाकणं बिघडतं. दुसऱ्या दिवशी ‘काहीच झालं नाही’ म्हणून घरातला कुणी बाटली काढायला धावला तर त्याला तीन-चार दिवस थोपवून धरणं, हा या उपायातला सगळ्यांत अवघड भाग आहे! कडवटपणा जावा म्हणून काही दिवस थांबून, नीट धुऊन भाजी खुडायची.

आणि एक मैत्रीण ओळखून ठेवा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी मात्र वेगळीच दिसते. काळसर, लांबट, अंगावर नारिंगी डाग, मगरीचं पिल्लू लहान करावं तशी. भीतीनं बायका तिलाच आधी चिरडतात. ती दिवसाला कित्येक मावे खाते. विष मारलं की मावा आणि ही अळी दोन्ही मरतात. मावा आठवड्यात परत येतो, हिला वेळ लागतो. मग पुन्हा विष. शेपू-कोथिंबिरीची चार झाडं फुलोऱ्यावर जाऊ दिली तर त्या फुलांवर अळ्या मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही येतात. करडईच्या माव्यासाठीही असंच: भाजीची पानं कोवळेपणीच खुडायची, आणि थंडीत रानात फवारा सुरू झाला की त्या रानातला पाला घरात आणायचा नाही.

एवढं सगळं केलं तरी पानाला भोकं पडणारच. खरी गोम इथे आहे. भोकं पडलेलं पान खाल्ल्यानं काहीच होत नाही. पण भोकाची भाजी निवडायला वेळ लागतो. एकेक पान उलटून पाहायचं, अळी काढायची, किडका भाग खुडायचा. हे काम घरात एकटीच करते, तेही रानातून आल्यावर, चूल पेटवायच्या आधी. आणि एखादी अळी चुकून ताटात निघाली तर? ताट भिरकावलेलं मी ऐकलेलं आहे. मग ती स्वतःच म्हणते, मारा बाबा काय ते औषध, माझी सुटका होऊ दे. विषाची मागणी अशी तयार होते. भाजी निवडणाऱ्या हातांची संख्या एकावरून चारावर गेली तर निम्मं विष आपोआप कमी होईल, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि प्रत्येक बैठकीत हशा पिकतो. पंढरपुरापासून जवळच गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. विठोबा तिच्यासोबत दळायला बसायचा, शेण्या वेचायला यायचा, अशी आपली श्रद्धा. त्या जात्याला हात लावून नमस्कार करणाऱ्या किती पुरुषांनी घरी मेथीची जुडी पुढ्यात ओढली?

म्हणून किडीचा प्रश्न पुन्हा जमिनीपाशी आणि निर्णयापाशी येतो. हे काही मी आज नव्यानं म्हणत नाही. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीत गावोगाव बायकांच्या नावे जमिनीचा तुकडा करून देण्याची चळवळ चालली, आणि १९९२ मध्ये शासनानंही नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. शेगावला १९९१ मध्ये शरद जोशींनी ‘सीताशेती’ मांडली: बाईच्या हातातला, बाहेरून काही विकत न आणता, घराच्या अन्नासाठी पिकवायचा तुकडा. जोशींच्या अर्थकारणाशी आपल्यापैकी अनेकींचे मतभेद होते आणि आहेत. सीतेचं नावही मला खटकतं, हा भाग निराळा. पण बाईचा वाफा ही स्वतंत्र शेती आहे, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. अलीकडे लातूर-धाराशिवकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर बायकांनी घरच्या रानातला एकेक एकर स्वतःकडे मागून घेतला, त्यात धान्य-भाजीपाला मिसळून पिकवला. संस्थेला २०१६ चं इक्वेटर पारितोषिक मिळालं. तिथे बाईनं आधी एकर मागितला, मग काय पेरायचं आणि काय मारायचं नाही हे ठरवलं. आपल्याकडच्या पोषण परसबागांच्या मोहिमेत नेमका हाच क्रम उलटा आहे. आधी बियाण्याचं पाकीट वाटतात, फोटो काढतात, ‘पोषणाची जबाबदारी’ तिच्या डोक्यावर देतात. जागा कुणाची, पाणी कुणाच्या मोटारीचं, पंपात काय उरलंय, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा आपल्या मागण्या साध्या आहेत. परसबागेची योजना द्यायची तर तिच्यासोबत किडीचं प्रशिक्षणही बाईलाच द्या, वाफ्यावर येऊन, दुपारी दोन ते चार या वेळात, कारण तेवढाच वेळ तिच्याकडे असतो. डब्याबरोबरचं माहितीपत्रक कायद्यानं आपल्या भाषेतही असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरात. ते वाचता येईल असं छापा, आणि दुकानात विष घेणाऱ्याला ते उघडून समजावून सांगा. ग्रामसभेत जुन्या आणि बंदी आलेल्या विषांच्या बाटल्या गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याचा ठराव मांडा. गटातल्या दहाजणी एकत्र गेल्या तर तो मांडता येतो. आणि घरात एक नियम, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नसावी: पंपातलं उरलेलं भाजीच्या वाफ्यात येणार नाही.

निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात पडतात. वारीच्या दिवसांत आपण सगळ्याच पाहुण्यांच्या स्वयंपाकात बुडालेल्या असतो आणि त्या पावसात कुजून जातात. वारी यायच्या आधीच्या पंधरवड्यात गटानं एक दिवस काढावा. देवळामागची, शाळेतली, ओढ्याकाठची झाडं वाटून घ्यावीत. गर धुऊन काढून, बी सावलीत वाळवून पोत्यात भरावं. पन्नास किलोचं एक पोतं म्हणजे दहा लिटरच्या शंभर फवारण्या. पोतं मात्र कुणाच्या घरी न ठेवता समाजमंदिरात, गटाच्या नावानं, वहीत नोंद करून ठेवायचं. निंबोळीला व्यापाऱ्याकडे भाव मिळतो हे घरातल्या माणसाला कळलं की ते परस्पर विकलं जातं.